बँडवाल्याचा बिल्ला

कुठलाही बिल्ला हातात आला की मामा आधी तो उलटा करायचा. पुढची बाजू बघायची त्याला घाई नसे. पाठीवरून अंगठा फिरवायचा, वास घ्यायचा, खिडकीशी नेऊन उजेडात धरायचा, आणि मग सावकाश पुढून बघायचा. मामी म्हणायची, "देवानं आम्हाला मुलगा दिला नाही तेच बरं. सून बघायला गेले असते तर हे तिला आधी पाठ फिरव म्हणाले असते."

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. तीस वर्षं तो एका छावणीतल्या लष्करी कपड्यांच्या कोठारात कारकून होता. बाद झालेले गणवेश तिथं फाडून चिंध्या करत, आणि त्या चिंध्यांवरचे भरतकामाचे बिल्ले साहेबाच्या परवानगीनं मामा कापून घेई. टोपीवरचे, खांद्यावरचे, बाहीवरचे. सोनेरी-रुपेरी तारेची केसाएवढी बारीक स्प्रिंग करायची, तिचे तुकडे मण्यांसारखे सुईत ओवायचे आणि लोकरी कापडावर एकेक बसवायचे, असं ते काम. निवृत्त झाल्यावर तो पालघरला आला तेव्हा सामानात दोन ट्रंका, मामीची शिलाई मशीन आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. डब्यात कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या आणि जुन्या धोतराच्या घड्यांमध्ये ठेवलेले शंभराहून जास्त बिल्ले.

मी बोईसरला राहायची. वडील तिथल्या एका कारखान्यात होते. मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि त्या शाळेनं माझं जे केलं ते असं, की मराठी बोलताना मला इंग्रजी शब्द आठवत आणि इंग्रजी बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नसे. कॉलेजात पहिल्या वर्षी मी कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. रविवारी सकाळी मात्र मी एसटीनं पालघरला जायची. बेटेगावचा फाटा मागे पडला की मला बरं वाटू लागे. मामाच्या घरी बोलावं लागत नसे. खिडकीखाली चटई अंथरलेली असे, मध्ये डबा, एका बाजूला मामा, एका बाजूला मी.

माझं काम ठरलेलं होतं. मामाची बिल्ल्यांची देवाणघेवाण पत्रांतून चाले. पुण्याचे एक निवृत्त सुभेदार, कलकत्त्याचे एक डॉक्टर, एक-दोघे परदेशातले. पत्रं इंग्रजीतून, आणि मामाचं इंग्रजी कोठाराच्या पावत्यांपुरतं. म्हणून ती मी लिहायची. त्याच्याबरोबर बसून बसून मलाही बघता यायला लागलं. निदान मला तसं वाटायचं.

आणि बघावं लागायचंच, कारण नकली बिल्ले खूप यायचे. उत्तरेकडे जरीचं काम करणारे कारागीर जुन्या बिल्ल्यांच्या हुबेहूब नकला करत. कुणी ते लग्नाच्या बँडवाल्यांच्या कोटांसाठी घेई, कुणी जुने म्हणून खपवी. बनावट बिल्ल्याला मामानं नाव ठेवलं होतं, नवरदेव. "हा नवरदेव आहे बघ. अंगावर सगळं नवं, आणि सगळं भाड्याचं."

नवरदेव ओळखायच्या त्याच्या खुणा मी एका वहीत उतरवल्या होत्या. जुनी तार काळी पडते ती खाचांतून, उंच भाग बोटं लागून उजळ राहतात. नकली बिल्ला सगळीकडे सारखाच काळा असतो. नवा बिल्ला जुना दिसावा म्हणून पाठ चहात भिजवतात, तेव्हा वास घ्यायचा. खऱ्या लोकरीला कसर लागते, नकलीला कसरसुद्धा तोंड लावत नाही. शेवटची परीक्षा काडीची. पाठीचा एक धागा उपसून जाळायचा. सुती असला तर कागदाचा वास येऊन राख होते. नायलॉन असला तर आक्रसून त्याचा काळा मणी होतो, आणि मग पुढे बघायला नको. नायलॉनचा धागा जुन्या बिल्ल्यात असूच शकत नाही.

ही वही मला तोंडपाठ होती. ती फक्त माझी होती.

दातिवऱ्याची एक कोळीण दर रविवारी मामीकडे सुके बोंबील आणि जवळा घेऊन यायची. एका रविवारी तिच्याबरोबर तिची मुलगी आली. माझ्याच वयाची. पालघरला शिवणाच्या क्लासला नाव घातलं होतं म्हणून आली होती. तिची आई मामीशी बोंबलाच्या भावावरून भांडत होती तेवढ्यात ती सरळ आत आली आणि डब्यात डोकावली.

"ह्ये काय ओ काका? नाटकातलं हाय?"

मामा हसला. "पलटणीतलं आहे. बघ हवं तर."

"हात धुतलेस का?" मी विचारलं.

मी त्या दिवशी घरात शिरल्यापासून बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मोरीवर जाऊन हात धुतले, परकराला पुसले आणि माझ्या नाकासमोर धरले. "घे, वास घे. जाईल तेवडा गेला. बाकीचा जल्माचा हाय."

मामा इतक्या जोरात हसला की मामी बाहेरून बघायला आली. मला त्यानं तसं कधी हसून दाखवलं नव्हतं.

तिनं एक बिल्ला उचलला. टोपीवरचा, पिसांचा तुरा असलेला. दोनच महिन्यांपूर्वी पोस्टानं आला होता आणि मी तो वहीतल्या प्रत्येक खुणेवर घासून खरा ठरवला होता. मुकुटाचा आकार बरोबर. खाचांतला काळेपणा बरोबर. पाठीला जुना तपकिरी कागद, पाठीचा धागाही जळून राख झालेला. कडेनं टाक्यांची भोकं, म्हणजे कुठल्यातरी टोपीवरून उसवून काढलेला. तिनं कडेची भोकं पाहिली, एक एक, नखानं.

"ह्यो कदी कशावर बसलाच नाय," ती म्हणाली.

"भोकं दिसत नाहीत का?" मी म्हणाले.

"दिसतात ना. पन गोल हायत. जाळं एकदा पान्यात जाऊन आलं की गाठ कदी गोल राहत नाय, ओढ बसते तिकडं तानली जाते. ह्याला ओढच नाय बसली. कुनीतरी नुसती सुई टोचून टोचून ठेवलीय."

मामानं तिच्या हातातून बिल्ला घेतला. मग डब्यातला दुसरा काढला, तिसरा काढला. खऱ्या बिल्ल्यांची भोकं खरोखरच लांबट होती, एका अंगाला ओढलेली. तीस वर्षं मामानं ती पाहिली होती आणि हे पाहिलं नव्हतं. त्यानं तुऱ्याच्या बिल्ल्याच्या आतला एक धागा सुईनं उपसला आणि काडी लावली. काळा मणी झाला.

"नवरदेव," मामा म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणाला, "बाय, पुढच्या रविवारी ये."

ती आली. त्यानंतरच्या रविवारीही आली. आई गल्लोगल्ली मासळी विकून परत येईपर्यंत ती आमच्या चटईवर बसे. चटईला दोनच बाजू आहेत असं मला तोवर वाटत होतं.

मला तिचं काय सलत होतं हे मी तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर चारचौघांना हसू आलं असतं. माझ्याकडे पुस्तकं होती, इंग्रजी होतं, डोक्यावर पंखा होता. ती सातवीत शाळा सोडून जाळी विणायला बसलेली. पण ती बोलायची. घरात शिरल्यापासून निघेपर्यंत बोलायची, मामीच्या फोडणीला नावं ठेवायची, मामाच्या टकलाला ‘माळावरचं तळं’ म्हणायची, आणि बोलता बोलता तिची बोटं बिल्ल्याच्या पाठीवर चालत असायची. मी तासभर खिडकीशी धरून जे ठरवायची ते ती वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तसं सहज करायची. चुकायचीसुद्धा. चुकली की "गेलं पान्यात" म्हणून हसायची. मी चुकले तर मला दोन रात्री झोप यायची नाही.

मी मामाशी तिच्यासमोर इंग्रजीत बोलायला लागले. सगळ्या शाळेत मला जे साधलं नाही ते या एका कारणानं साधलं. मामा ऐकून घेई आणि मराठीत उत्तर देई, तिलाही कळेल असं. मग एका रविवारी ती मामाला ‘काका’ म्हणायची ती ‘मामा’ म्हणाली. ऐकून ऐकून तोंडात बसलं असेल. तो ‘ओ’ म्हणाला. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसले होते, आणि तो ‘ओ’ बोईसर येईपर्यंत माझ्या कानात होता.

पावसाळ्यानंतर मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. डॉक्टर म्हणाले, पिकल्याशिवाय काढता येणार नाही. त्याला माणसं आकारानं ओळखू येत, बिल्ले मात्र नुसते सोनेरी डाग दिसत. एका दुपारी जेवण झाल्यावर तो म्हणाला, "डब्याला आता डोळे हवेत. पत्रं येतात, बिल्ले येतात, बघून खरं-खोटं सांगणारं एक माणूस लागेल. माझ्यामागंही लागेल. पुढच्या रविवारी पुण्याहून चार येणार आहेत. दोघी मिळून बघा."

दोघी मिळून असं तो म्हणाला. मी ऐकलं ते ‘दोघींतली एक’ असं.

डब्यात एक बिल्ला होता, ज्याला मामा बँडवाल्याचा बिल्ला म्हणायचा. लष्करी बँडमधल्या वादकांच्या बाहीवर असतो तसला. मध्ये एक छोटं तंतुवाद्य, दोन्ही बाजूंनी पानांची वेल, वर मुकुट. मामा कोठारात नवीन लागला तेव्हा एका म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्यानं निवृत्त होताना स्वतःच्या बाहीवरून उसवून मामाच्या हातात ठेवला होता. मामाचा पहिला बिल्ला. डब्यातला सगळ्यात सुंदर नव्हता, पण घडीत सगळ्यात खाली, एकटा असायचा. त्याचं इंग्रजी वर्णन लिहायचं म्हणून मी तो मागितला आणि मामानं तो मला बोईसरला न्यायला दिला.

शनिवारी दुपारी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी स्वयंपाकघरात चिंच भिजवली.

आमच्या भागात खाऱ्या हवेनं पितळ आठ दिवसांत काळं पडतं, म्हणून दिवाळीला घरोघर समया-ताम्हणं चिंचेनं घासतात. मी तो बिल्ला तसा घासला. बोटानं, मग जुन्या दात घासायच्या ब्रशानं. खाचांतला चाळीस वर्षांचा काळेपणा गेला. सोन्याचा वरचा मुलामा फार पातळ होता, तोही गेला, आणि खालचं तांबं लालसर चमकायला लागलं. मग मी चहा केला, गाळला, थंड केला, आणि पाठ त्यात बुडवून वाळत ठेवली. काय करते आहे हे मला पूर्ण कळत होतं. वहीत लिहिलेली प्रत्येक खूण मी उलटी वाचत होते. उद्या हा बिल्ला पुण्याच्या चार बिल्ल्यांत पाचवा म्हणून ठेवायचा. ती त्याला नवरदेव म्हणेल. मग मी सांगेन की हा मामाचा बँडवाल्याचा बिल्ला आहे, आणि तुला तो ओळखता आला नाही. घासण्याबद्दल काय सांगायचं तेही ठरवलं होतं. ओल धरली होती म्हणून जरा साफ केला.

वाळल्यावर पाहिलं तर तंतुवाद्याची एक तार सुटून लोंबत होती. मी ती नखानं दाबून बसवायला गेले, बसली नाही. पण मी तो परत धोतराच्या तुकड्यात गुंडाळला.

रविवारी ती आली ती हातात जाळ्याची पिशवी घेऊनच. क्लासचं सामानही त्यातच असे, आणि वाटेत एसटीतही ती जाळं विणायची. मामा भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटून. मी पाचही बिल्ले ओळीनं मांडले. पहिले चार तिनं भराभर पाहिले. दोन खरे, एक नवरदेव, एकावर आम्हा दोघींचं एकमत होईना. मग तिनं पाचवा उचलला.

पुढून बघून ती "ई" म्हणाली. तिनं तो उलटा केला, नाकाशी नेला, मग कडेची भोकं नखानं चाचपायला लागली. फार वेळ लावला. एरवी ती इतका वेळ लावत नसे.

"हा खरा हाय," ती म्हणाली.

"कशावरून?" मी विचारलं.

"हातावरचा हाय. कोपर वाकलं की हितून ओढ बसते, बग ना, ह्या बाजूची सगली भोकं लांबलीत. लई वर्सं घातलाय कुनीतरी. पन ह्याला घासलाय मेल्यानी." तिनं परत वास घेतला, मग माझा हात धरून माझी नखं पाहिली. चिंचेनं ती एखाद्या भांडीवालीसारखी गोरी झाली होती. "अगो बाय! तू घासलास?"

मी हात सोडवून घेतला.

ती खो खो हसायला लागली. "दिवालीचं ताम्हन समजलीस काय गो? मामा, ह्या तुमच्या इंग्लिस शालेत समदं शिकवतात, भांडी घासाया नाय शिकवीत. मना इचारायचं तरी! आनि मागं च्या सांडलास वर."

तिला तेवढंच दिसलं. की एका शिकलेल्या, बावळट मुलीनं चांगलं करायला जाऊन वाटोळं केलं. तिच्या हसण्यात कुठेही काटा नव्हता. दुसरं काही असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही, आणि मला त्याचाही राग आला.

मामानं हात पुढे केला. तिनं बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला. त्याचा अंगठा वेलीवरून, मुकुटावरून, तंतुवाद्यावरून गेला आणि लोंबणाऱ्या तारेशी थांबला.

"हा माझा आहे," तो म्हणाला.

ती हसायची थांबली. "ऱ्हावा, ती तार पडंल. द्या हिकडं." तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि जाळ्याच्या पिशवीत हात घातला. "मशीनचा सुती दोरा हाय माझ्याकडं, पन हितं खाऱ्या हवेत कुजतो तो. दोन पावसालं टिकायचा नाय. ह्यो जाल्याचा हाय, नायलॉनचा. मरस्तवर जायाचा नाय."

केसासारखा पारदर्शक दोरा तिनं सुईत ओवला.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मला माहीत होतं. नायलॉनचा एक टाका पडला की हा बिल्ला कायमचा नवरदेव झाला. जगात कुणीही तो उलटा केला, काडी लावली, की संपलं. तिला ते ठाऊक नव्हतं. काडीच्या परीक्षेत कसला मणी होतो ते तिनं पाहिलं होतं, पण समुद्रावरच्या माणसाला दोऱ्याची एकच परीक्षा ठाऊक असते, टिकतो की नाही. मी फक्त ‘थांब’ म्हणायचं होतं. एक शब्द.

सुई आत गेली. बाहेर आली. मी बघत होते. माझ्या मनात एवढंच होतं की आता चुकतेय, चुकू दे.

तिनं दोन टाके घातले, इतके सरळ की तार परत जागेवर बसली आणि टाका दिसेना. दातानं दोरा तोडला आणि बिल्ला मामाच्या हातात दिला. तेवढ्यात बाहेरून तिच्या आईची हाक आली. "चल गो, यष्टी जाईल!" ती चपला शोधत गेली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मामानं बिल्ला उलटा केला. नाकाशी नेला.

"चहा," तो म्हणाला. "सांडलेला चहा डागानं पडतो. हा कडेपर्यंत सारखा आहे."

मी गुडघ्यांकडे बघत होते.

त्याचा अंगठा त्या दोन टाक्यांवर आला. तिथं तो थांबला, नख लावून पाहिलं. "आणि हे?"

"नायलॉन," मी म्हणाले.

"तू समोर होतीस."

"हो."

"घासलंस ते मी समजू शकतो बाळ. राग येतो माणसाला. पण ती टाका घालत होती तेव्हा तू बघत बसलीस."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं तो बिल्ला धोतराच्या तुकड्यात गुंडाळला, चाचपडत डब्याच्या तळाशी ठेवला आणि म्हणाला, "बघायचं काम आता ती करेल. तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिहीत जा."

पुढची दोन वर्षं मी लिहीत होते. ती म्हणायची, "भोकं गोल हायत," आणि मी सुंदर अक्षरात इंग्रजीतून लिहायची की कडेच्या छिद्रांवर ताण पडल्याची खूण दिसत नाही, सबब हा नमुना आम्ही परत करत आहोत. ती म्हणायची, "ह्याला घाम लागलाय, खरा हाय," आणि मी घामाला सभ्य इंग्रजी शब्द शोधायची. खाली सही मामाची. पुण्याच्या सुभेदारांनी एकदा लिहिलं, आपली नजर अजून तरुण आहे. ते मी वाचून दाखवलं तेव्हा मामानं बोटानं तिच्याकडे खूण केली. ती म्हणाली, "तुमची नाय तर कुनाची, मामा," आणि लसूण सोलत राहिली. मामाच्या डोळ्याचं पुढे ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला, पण त्यानं बघायचं काम परत स्वतःकडे घेतलं नाही. मलाही दिलं नाही. तिला नायलॉनचं त्यानं कधी सांगितलं नाही, आणि मी तर नाहीच.

मग तिचं लग्न झालं, केळव्याला. मामा आहेर घेऊन गेला. मला ताप होता, म्हणजे मी तसं सांगितलं होतं.

मामा गेला त्याला आता चार वर्षं झाली. डबा मामीनं माझ्या हवाली केला. "तूच ठेव, तुलाच त्यातलं इंग्रजी कळतं." ज्या डब्यासाठी मी ते केलं तो असा मिळाला, अडगळ काढताना एखादी वस्तू द्यावी तसा.

गेल्या हिवाळ्यात मुंबईचे एक संग्राहक आले. मामाच्या जुन्या पत्रांतल्या कुणीतरी त्यांना पत्ता दिला होता. शनिवार-रविवार कुटुंबाबरोबर समुद्रावर आले होते, म्हणून वाट वाकडी करून बोईसरला आले. साठीचे, मोजकं बोलणारे, खिशात भिंग. दोन तास ते एकेक बिल्ला उलटा करून बघत होते. मी चटई खिडकीखालीच घातली होती. "एकही खोटा नाही," ते दोनदा म्हणाले. मग तळाचा धोतराचा तुकडा उलगडला.

त्यांनी भिंग लावलं, नखानं टाका जरा उचलला आणि बिल्ला बाजूला ठेवला. "हा तेवढा काढून टाका. आता बनवलेला आहे. तांब्याची तार, चहाची पाठ, आणि दोरा नायलॉनचा. इतक्या चांगल्या डब्यात कसा आला कोण जाणे."

आमच्या दोघींचं काम त्यांनी एका वाक्यात ओळखलं होतं. गप्प राहणं मला कधीच अवघड गेलेलं नाही. पण तो बिल्ला तसा एकटा चटईच्या कडेला पडलेला बघून माझ्या तोंडून निघालं, "हातावरचा आहे तो. भोकं बघा. एका अंगाची सगळी लांबलेली आहेत. कोपर वाकलं की तिथून ओढ बसते."

त्यांनी परत भिंग लावलं. बराच वेळ लावला. मग त्यांनी डब्यातले दोन-तीन बिल्ले घेऊन त्यांची भोकं पाहिली, आणि भिंग खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, एखाद्या माणसाकडे प्रथमच बघावं तसं.

"चाळीस वर्षं मी हे करतो आहे," ते म्हणाले. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काय नजर आहे तुम्हाला."

हे वाक्य ऐकायला मी एकोणिसाव्या वर्षापासून थांबले होते. ते कसं ऐकू येईल, कुणाच्या आवाजात, मी तेव्हा काय घातलेलं असेल, सगळं कितीदा मनात झालं होतं. आणि ते आलं तेव्हा मला त्या वाक्याला सुक्या बोंबलाचा वास आला.

"माझी नाही," मी म्हणाले. "एक बाई आहे, तिची. मी तो बिल्ला घासून खराब केला. तिनं टाके घातले म्हणून तार राहिली. टाका घालताना मी तिला अडवायला हवं होतं, अडवलं नाही."

त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "कुठं असतात त्या?"

"केळव्याला."

"अहो, मग आम्ही तिथंच उतरलोय!" त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून कागद-पेन काढलं. "नाव सांगा. संध्याकाळीच जातो. घर कुठं म्हणालात?"

मी नाव सांगितलं. घरही सांगितलं, जिथं मी एकदाही गेले नव्हते पण ज्याची वाट मला ठाऊक होती. बंदराकडे जाताना डाव्या हाताला, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मागे. त्यांनी ते नीट लिहून घेतलं, वाचून दाखवलं, कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि घाईनं चपला घालायला लागले.

मी दारात उभी राहिले. आता ते तिच्या अंगणात बसतील. ती हात धुऊन त्यांच्या नाकासमोर धरेल, ते मोठ्यानं हसतील, आणि थोड्या वेळानं ती त्यांनाही मामा म्हणायला लागेल. गाडी वळणापलीकडे गेली तरी मी तिथंच होते. मग आत येऊन बँडवाल्याचा बिल्ला उलटा केला आणि ते दोन टाके पाहिले. अजून घट्ट होते. इतके सरळ टाके मला आजही घालता येत नाहीत.